लक्ष्मीने बांधलेले देऊळ
(दैवतांची नावे : लेखांक ७)

बेलोना या रोमन युद्धदेवतेच्या नावाची जहाजे या आठवड्यात येणार होती. ती पुढे ढकलतो, कारण नेकनूरच्या बाजारात एका वाचकाने मला गाठलेच : ‘गुरुजी, रोमची युद्धदेवता दोन आठवडे ऐकली. आपली जोगाई कुठं राहिली?’

प्रश्न रास्त आहे. नेकनूरहून केजमार्गे पुढे गेले की अंबाजोगाई. दंतासुराला मारणाऱ्या योगेश्वरीचे, म्हणजे जोगाईचेच, नाव गावाने घेतले आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणस्थांची कुलदेवता इतक्या दूर कशी, याचे उत्तरही त्याच कथेत देतात : नवरी कोकणातून आली होती.

मला मात्र या गावात ओढून नेतो तो खोलेश्वर. यादव राजा सिंघण याचा हा सेनापती. त्याच्या नावाचे मंदिर अंबाजोगाईत आजही आहे. गुजरातवरच्या स्वाऱ्यांत त्याने नाव कमावले, आणि त्याच गुजरातच्या मोहिमेत त्याचा मुलगा राम नर्मदेकाठी लढताना पडला. मागे रामाचा लहान मुलगा राहिला. कारभार हाती घेतला रामाच्या बहिणीने, लक्ष्मीने. तिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधले आणि शके ११६२ मध्ये, म्हणजे इ. स. १२४० मध्ये, ती हकीकत शिलालेखात कोरली गेली.

याउलट रोममधले बेलोनाचे देऊळ पाहा. इ. स. पू. २९६ मध्ये रोमन सेनापती अप्पियस क्लॉडियसने ऐन लढाईत नवस बोलला, म्हणून ते उभे राहिले. ते जिंकणाऱ्याचे देऊळ. रोमचे पुरोहित शत्रूच्या भूमीत भाला फेकून युद्ध पुकारत. पण रोमशी लढणाऱ्या पिऱ्हस राजाचे राज्य पडले समुद्रापलीकडे. भाला पोहोचायचा कसा? मग त्याच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला, ती झाली शत्रूची भूमी, आणि भाला तिथे फेकला! पुढे देवळासमोरच्या एका खांबावरून भाला फेकायची रीतच पडली. युद्ध सुरू करण्याची एवढी सोय रोमनांनी करून ठेवली होती. अंबाजोगाईच्या शिलालेखात मोहिमेची दुसरी बाजू दिसते. घरचा माणूस गेल्यावर कारभार कोणी सांभाळला, पोराला कोणी वाढवले, हे त्यातून कळते. आपल्या शाळांच्या इतिहासात लक्ष्मीला एक धडा मिळायला हवा, असे मला फार वाटते.

निजामाच्या काळात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. म्हणजे सैन्याचा वावर यादवांबरोबर संपला नाही. छावणी गेली, सरकारदरबारचे ते नावही गेले, जोगाईचे नाव राहिले. मार्गशीर्षातल्या तिच्या नवरात्राला जाल तेव्हा खोलेश्वराच्या मंदिरातही डोकावून या.

जहाजे पुढच्या आठवड्यात. त्यांच्याबरोबर १ मार्च १८५४ रोजी सापडलेला बेलोना हा लघुग्रहही घेऊ. त्याच महिन्यात इंग्लंड-फ्रान्सने रशियाशी युद्ध पुकारले होते.