पुरलेल्या ओढ्याचा शोध

भूदृश्यरचना म्हणजे धनिकांच्या बंगल्यांभोवती हिरवळ अंथरण्याचा धंदा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ॲन व्हिस्टन स्पर्न या अमेरिकन विदुषींची कारकीर्द अवश्य पाहावी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इयन मॅकहार्ग यांच्या हाताखाली शिकून, त्यांच्याच कचेरीत टेक्सासमधील वुडलँड्स या नव्या नगराच्या आराखड्यावर काम केल्यानंतर, शहर हेही निसर्गाचेच अंग होय हा विचार त्यांनी ‘द ग्रॅनाइट गार्डन’ (१९८४) या ग्रंथात सविस्तर मांडला.

पुढे, १९८७ पासून पश्चिम फिलाडेल्फियात संशोधन करीत असता, जुने नकाशे आणि दप्तरे यांवरून त्यांनी दाखवून दिले की, ज्या ओसाड भूखंडांचे खापर एरवी केवळ दारिद्र्यावर फोडले जाई, त्यांची दाटी एकोणिसाव्या शतकात गटारात कोंडून वर भराव घातलेल्या मिल क्रीक नामक ओढ्याच्या जुन्या खोऱ्यातच होती. घरे खचत होती तीही तेथेच! हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, एमआयटी येथील अध्यापन तर आहेच. परंतु त्या वस्तीतील शाळकरी मुलांना त्यांनी आपल्याच मोहल्ल्याची भूमी वाचावयास शिकविले, हे मला त्यांच्या सर्व मानमरातबाहून थोर वाटते.

वाचकहो, घर खरेदी करण्यापूर्वी त्या जागेचा जुना नकाशा एकवार अवश्य पाहा.