रॉकेटातले तेजाब

केरळच्या सहलीला जाणाऱ्या सोलापूरकरांनी तिरुअनंतपुरमजवळच्या थुंबा येथील अंतराळ संग्रहालय अवश्य पाहावे. एका जुन्या चर्चमध्ये ते आहे. भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक रॉकेट ‘एसएलव्ही-३’ तिथे प्रतिकृतीच्या रूपात जपले आहे. १८ जुलै १९८० रोजी या रॉकेटाने ३५ किलोचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत सोडला.

रॉकेटाच्या चारही टप्प्यांत घन इंधन होते. अशा इंधनाच्या संशोधनात डॉ. वसंत गोवारीकरांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत मात्र तीव्र नायट्रिक आम्ल होते. सोनार वापरतात त्या तेजाबाचाच हा अधिक जहाल, लालसर वाफा सोडणारा प्रकार.

उड्डाणापूर्वीच्या एका चाचणीत या आम्लाची टाकी फुटली आणि सहा जण भाजले. प्रकल्पप्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ‘अग्निपंख’मध्ये हा प्रसंग सांगितला आहे. जखमींपैकी एकाने पहाटे शुद्धीवर येताच कामाला उशीर झाल्याबद्दल खंत व्यक्त केली. पुढे १० ऑगस्ट १९७९ च्या पहिल्या उड्डाणात धुळीमुळे एक झडप अडकली, आम्ल गळाले आणि ३१७ सेकंदांत मोहीम संपली.

हेच आम्ल सराफकट्ट्यामागच्या लहान खोल्यांत सोने शुद्ध करताना वापरतात. अंगावर सांडले तर कातडी पिवळी पडते आणि जखम आत खोल जाते. अशा वेळी कपडे, अंगठी, घड्याळ ताबडतोब काढावे. वाहत्या पाण्याखाली तो भाग किमान २० मिनिटे धरावा. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या ठेवून तितकाच वेळ पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. आम्ल मारण्यासाठी सोडाही चोळू नये; त्याने उष्णता निर्माण होते. त्यानंतर थेट रुग्णालय गाठावे.

तपकिरी वाफा अधिक फसव्या असतात. त्या छातीत गेल्यावर सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून जीव गुदमरू शकतो. म्हणून ‘आता ठीक आहे’ असे म्हणत घरी झोपून राहू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान २४ तास काढावेत.

रॉकेट पाडायला धुळीचा कण पुरला. कारखान्यात उघडी खिडकी, रबरी हातमोजे, चष्मा आणि हाताशी पाण्याचा नळ एवढे तरी हवेच.