विश्लेषण : जुना डीएसएलआर घेताय? आधी आरसा, शटर आणि माउंट समजून घ्या

मिररलेस कॅमेऱ्यांकडे अनेक छायाचित्रकार वळल्याने त्यांचे डीएसएलआर आता सेकंडहँड बाजारात येत आहेत. हौशी मंडळींसाठी ही संधीच. पण जाहिरातीतले ‘शटर काउंट’, ‘क्रॉप बॉडी’ हे शब्द न कळता पैसे मोजले, तर फसगत ठरलेली.

आरसा काय करतो?

एसएलआर म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स. दृश्य पाहायला आणि टिपायला एकच लेन्स. तिच्यामागे ४५ अंशांत कललेला आरसा प्रकाश वरच्या फोकसिंग स्क्रीनवर टाकतो. तिथली प्रतिमा डावी-उजवी उलटलेली असते. ती सुलट करून पेंटाप्रिझम व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवतो. बटण दाबले की आरसा वर जातो, शटरचे पडदे सरकतात आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. ओळखीचा ‘खटॅक’ आवाज याचाच. गंमत म्हणजे त्या क्षणी व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असतो. टिपलेला नेमका क्षण छायाचित्रकाराला दिसतच नाही!

शटर काउंट का विचारायचा?

शटर झिजते. निकॉन डी८५० चे शटर २ लाख, तर कॅनन ईओएस-१डी एक्स मार्क ३ चे ५ लाख क्लिकसाठी तपासलेले आहे. गाडीचे किलोमीटर पाहतो, तसा हा आकडा पाहावा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो सहसा नोंदलेला असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत नसतो.

जुनी लेन्स चालेल?

खरी मेख इथे आहे. निकॉनचा एफ-माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ चा. निकॉनच्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते आणि डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीतही नसते. लेन्स बसते, फोटोही निघतो. फोकस मात्र हाताने करावा लागतो. विक्रेता हे सांगेलच असे नाही.

‘क्रॉप बॉडी’ म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स ७५ मिमीइतकाच भाग दाखवते. आणि एफ/१.८ चे छिद्र एफ/१६ पेक्षा मोठे. आकडा लहान, प्रकाश जास्त.

व्ह्यूफाइंडरमध्ये धूळ दिसली तर घाबरू नये, ती आरशावरची किंवा स्क्रीनवरची असते, फोटोत उतरत नाही. आरशाला बोट मात्र लावू नये. सेन्सर तपासायचा तर एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. काळपट ठिपके दिसले, तर ती धूळ सेन्सरवर आहे.