साखर, मीठ आणि पाणी

मुलाला जुलाब लागले की काही घरांत त्याचे पाणीच बंद करतात. मला हे उलटेच वाटते. जुलाबातून पाणी जाते, त्याबरोबर अंगातले मीठही जाते. मग जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात, रडताना आसवं येत नाहीत. असे दिसले की दवाखाना गाठायचा, पण वाटेतही पाजत राहायचं.

नुसतं पाणी का चालत नाही? आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडीच असते! मला याचीच फार गंमत वाटली.

१९७१ साली बांगलादेशच्या लढाईच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावला निर्वासितांत पटकीची साथ आली. सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून ठेवले. नातेवाईकच ते रोग्यांना पाजत. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती चारांच्याही आत आली.

दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी सर्वांत चांगली, तिच्यात पोटॅशियम नावाचा क्षारही असतो. ती नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट, शीग लावायची नाही. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजायचं. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवायचं.