काडीची पकड आणि राइड झांजेचा नाद

राइड ही ड्रमसेटमधली मोठी झांज, बहुधा 20 ते 22 इंचांची. 1940च्या दशकापासून जॅझचा ठेका मुख्यतः हिच्यावर चालू लागला. मुंबईच्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांनी तो रुजवला. काडी अंगठा आणि तर्जनीत सैल तोलली, तर टोक धातूवरून आपसूक उसळते आणि स्वच्छ, सुटा ‘टिंग’ निघतो. मूठ आवळली, की टोक क्षणभर जास्त टेकते. बोल बोथट होतो. मिरवणुकीतला ताशेवालाही बारीक काड्या अशाच बोटांवर नाचवतो. लाकडी टोकाचा नाद मऊ, नायलॉनचा तीक्ष्ण. मधल्या घुमटीवर काडीचा जाड भाग पडला, की घंटेसारखा टणत्कार. कडेवर पडला, की लांबणारा सळसळाट. शिकणाऱ्यांनी आधी पकड सैल करावी, नवी झांज नंतर घ्यावी.