भोंगा थांबल्यानंतरचं सोलापूर

गड्ड्याची यात्रा संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मामांनी घराला कुलूप घातलं. घर पद्मशाली विणकरांचं. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग होते, ते भंगारवाल्यानं आधीच किलोच्या भावानं उचलून नेले होते. मुलगा पिंपरी-चिंचवडच्या वाकडहून गाडी घेऊन न्यायला आला होता. किल्ली माझ्या हातात ठेवताना मामा म्हणाले, "पाणी आलं की तेवढं बघा."

आमच्या गल्लीतलं हे सातवं कुलूप. मला ते फार लागलं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत सोलापूरची लोकसंख्या पावणेनऊ लाखांवरून साडेनऊ लाखांवर गेली. पिंपरी-चिंचवडची त्याच काळात दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर. आमच्याइतकी वाढ तर नुसत्या जन्मांनीही ओलांडली असती. म्हणजे माणसं आली त्यापेक्षा गेली जास्त.

पूर्वी ओघ उलटा होता. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली आणि तेलंगणातले विणकर, कर्नाटकातली माणसं, मराठवाड्यातली दुष्काळानं उठलेली कुटुंबं इथं येऊन वसली. १९३० मध्ये इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला, इतका या कामगारांच्या शहराचा दरारा. त्यानंतरची साठेक वर्षं मी ओलांडून जातो, कारण गिरणीमालकांनीही ती तशीच ओलांडली. जुन्याच यंत्रांवर तेच कापड निघत राहिलं.

मी जगलो ते नव्वदचं दशक. वडील एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. आमचं घड्याळ म्हणजे भोंगा. गिरणी एका दिवसात बंद पडत नाही, हे मी घरात बसून पाहिलं. आधी तिसरी पाळी गेली. मग बदली कामगारांना दारावरूनच परत पाठवू लागले. मग पगार दहाचा वीस तारखेला, मग पुढच्या महिन्यात. एका पहाटे भोंगा वाजला नाही आणि आई तरीही नेहमीच्या वेळेला उठून बसली. हक्काच्या पैशांसाठी वडिलांनी किती वर्षं चकरा मारल्या, ते मोजणं मी सोडून दिलं. आईनं मांडीवर सूप घेतलं आणि विड्या वळायला सुरुवात केली. आसपासच्या घरांतही तेच झालं.

त्या वेळी आणि आजही शहाणी माणसं सांगतात की लाल बावट्यानं गिरण्या बुडवल्या. हे मला कधीच पटलं नाही. वडील ज्या साच्यांवर उभे राहत, ते त्यांच्याहून वयानं मोठे होते. नफा नव्या यंत्रांत परत आला नाही. आणि गिरण्या बंद झाल्या म्हणून काही कापड थांबलं नाही. चादरी आणि टॉवेल पूर्व भागातल्या यंत्रमागांवर निघतच राहिले, पण तिथं ना प्रॉव्हिडंट फंड, ना ठरलेले तास. शहर बेकार झालं त्याहून जास्त स्वस्त झालं. मागांचा खडखडाट तितकाच राहिला, हातात येणारा पैसा आटला.

धाकटा भाऊ आयटीआयचा टर्नर. १९९४ मध्ये तो पुण्याजवळ भोसरीला गेला. पाच वर्षांत त्यानं तीन कारखाने बदलले आणि प्रत्येक ठिकाणी पगार वाढवून घेतला. त्याच्यात आणि वडिलांत कसबाचा फरक नव्हता. वडिलांचं कसब घेणारी गिऱ्हाईकं शहरात मोजकी, आणि ती सगळी एकदमच बुडत होती. भावाच्या लेथला मात्र शंभर दारं उघडी होती. पुण्यात १८५४ पासून इंजिनियरिंगचं शिक्षण, खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप. एक धंदा खाली बसला तरी हात रिकामे राहत नाहीत. १९८८ मध्ये संगणकांसाठी सी-डॅक आलं, पुढं हिंजवडी उठली, तेव्हा लागणारी मुलं तिथं आधीच शिकत होती. जेन जेकब्ज यांनी १९६९ च्या 'द इकॉनॉमी ऑफ सिटीज'मध्ये मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमची अशीच तुलना केली आहे: एक शहर कापडाच्या अजस्र गिरण्यांचं, दुसरं नाना तऱ्हेच्या लहान कारखान्यांचं. टिकलं ते दुसरं. ते वाचताना मला वडील आणि भाऊ समोरासमोर बसलेले दिसत होते.

पुण्याची बुद्धी मोठी, असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो. वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले. त्यांनी बंगळुरूत विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजांचा, मुंबईत मोटारींचा. बुद्धी आणि धाडस इथं पिकत होतं, रुजायला मात्र बाहेरची माती शोधत होतं. १९८३ मध्ये त्यांच्या नावाचं इंजिनियरिंग कॉलेज इथं सुरू झालं, आणि तिथून पदवी घेतलेली मुलं हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जाऊ लागली. त्या मार्शल लॉनंतर या शहराच्या ज्या चौघांना १९३१ मध्ये फाशी झाली, त्यांच्या आठवणीनं गाडीला दिलेलं हे नाव. पहाटे स्टेशनवर बॅगा आणि शेंगाचटणीचे डबे घेऊन उभी असलेली ती पोरं पाहिली की माझ्या पोटात कालवतं.

पोरं वर जातात, आणि खाली येतं ते मुळा-मुठेचं पाणी. पुण्याची घाण पोटात घेऊन ती भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, आणि तेच पाणी शुद्ध होऊन आमच्या नळाला येतं, तेही काही दिवसांआड. मधल्या काळात सोलापूर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. साखर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी २०२३ मध्ये पाडली, ती मी गच्चीवरून पाहिली. नळाचा वार बदलला नाही.

परवा रात्री दोनला पाणी आलं. आमची टाकी भरली आणि मग मामांचं कुलूप काढून त्यांचा हौदही भरून ठेवला. पुढच्या खोलीत फरशीवर मागांच्या पायांचे सोळा काळे डाग अजून आहेत. अंगणातली तुळस सुकायला लागली होती, तिला तांब्याभर पाणी घातलं.