स्पीकर दुरुस्तीला, कानाला हेडफोन

घरचे स्पीकर काही महिने गप्प बसण्याची कारणं बहुतेक घरांत सारखीच असतात. कोनाच्या कडेची फोमची पट्टी आपल्या दमट हवेत भुसभुशीत होते, एके दिवशी बोट लावताच तिचा भुगा पडतो आणि जोडी रिकोनिंगला, म्हणजे कोन बदलून घ्यायला, जाते. किंवा बदली होते, नव्या गावी एका खोलीत संसार मांडावा लागतो आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ असतं. किंवा जुने विकून झालेले असतात आणि नव्यांसाठी पैसे जमायचे असतात. तेवढ्यासाठी गाणं बंद ठेवण्यापेक्षा दोन-तीन हजारांचा हेडफोन घ्यावा, इथवर कोणाचा वाद नसतो. कोणता घ्यावा हे ठरवताना मात्र दुकानदार, पुतण्या आणि ऑफिसातला जाणकार जे सांगतात, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

"हेडफोन म्हणजे कानाजवळ आणलेला स्पीकर"

मुळात इथेच गडबड आहे. समोर दोन स्पीकर असले की डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानात जात नाही. तो उजव्या कानातही पोचतो. डोक्याला वळसा घालून, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडा बोथट होऊन. त्यात भिंती, छत, फरशी यांवरून परतलेला आवाज मिसळतो. या सरमिसळीवरून मेंदू ठरवतो की गायक समोर बसलाय आणि तबला जरा उजवीकडे आहे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणं करणारे तंत्रज्ञही बहुतांशी स्पीकर समोर ठेवूनच मिश्रण करत आले. हेडफोनमध्ये डावं ते डाव्याच कानात, उजवं ते उजव्याच, आणि खोलीचा तर पत्ताच नाही. त्यामुळे समोरचा गायक उठतो आणि दोन्ही कानांच्या मधोमध, थेट डोक्यात येऊन बसतो. पन्नास हजारांचा हेडफोन घेतला तरी हे व्हायचंच.

याचा त्रास ध्वनिमुद्रणाप्रमाणे कमी-जास्त होतो. बीटल्सची १९६३ ची 'प्लीज प्लीज मी' स्टिरिओत लावून पाहा: गळे एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला. स्पीकरवर ते खपून जातं. हेडफोनवर अर्ध्या तासात डोकं जड होतं. उलट जुन्या मोनो तबकड्या दोन्ही कानांत एकसारख्या वाजतात. सगळं मधोमध गोळा होतं खरं, पण त्रास नाही. आणि मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात तर स्पीकरवर खोलीच्या आवाजात बुडून जाणाऱ्या गोष्टी वर येतात: तानपुऱ्याची जवारी, पेटीच्या भात्याची फुसफूस, समेवर येण्याआधी गायकाने घेतलेला श्वास. खयाल ऐकणाऱ्याला हेडफोन ही शिक्षा वाटत नाही, ते यामुळे.

डाव्याचा थोडा आवाज मुद्दाम उशिराने उजव्यात सोडायचा, ही युक्ती बेंजामिन बॉअर यांनी १९६१ मध्येच मांडली होती. तिला आज क्रॉसफीड म्हणतात आणि काही प्लेअर ॲपमध्ये ते एका बटणावर मिळतं. गायक समोर येऊन बसत नाही, पण बाजू तुटक वाटायच्या थांबतात.

याच गैरसमजाची दुसरी बाजू म्हणजे बेस. स्पीकरचा खालचा आवाज अंगाला लागतो, ढोल-ताशाचा तर छातीत घुमतो. हेडफोन फक्त कानाशी बोलतो, त्यामुळे सुरुवातीला काहीतरी कमी आहे असं वाटतं आणि माणूस 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेला डबा उचलतो. तो डबा परत ठेवावा. घेण्याआधी चांगल्या तबल्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि डग्ग्यावर मनगट घासत नेल्यावर आवाज चढतो तिथे कान द्या. चढणारा तो स्वर सुटा ऐकू आला पाहिजे. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये स्वर हरवतो आणि नुसतं 'धुम्म' उरतं, वर गायकाचा खर्जही त्यात बुडतो.

"स्वस्तात चांगला आवाज मिळत नाही"

स्पीकरच्या बाबतीत यात तथ्य आहे. मोठा कोन, जड मॅग्नेट, लाकडी पेटी, सगळ्याला पैसे पडतात. हेडफोनचं गणित वेगळं आहे, कारण त्याला खोली भरायची नसते, कानापुढची वाटीभर हवा हलवायची असते. जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इअरफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. खालच्या-वरच्या स्वरांचा तोल आणि किंमत यांचा काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोन वाईट असतात असं नव्हे. त्या पैशात बांधणी, मऊ पॅड, नाव, कधी तंत्र मिळतं. तोल मिळेलच याची हमी नसते.

चांगला तोल म्हणजे काय, यावर हर्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ च्या सुमारास काम केलं. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर वाजत असताना कानापाशी जसा तोल पोचतो, तसाच हेडफोनमध्ये असला तर बहुतेक ऐकणाऱ्यांना तो आवडतो, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. म्हणजे हेडफोनचा आदर्शही शेवटी खोलीतला स्पीकरच. या आदर्शाच्या जवळ जाणारे हजार-दोन हजारांचे वायरवाले इअरफोन आता सहज मिळतात. हेडफोन थोडा बेसूर असला तर इक्वलायझरने बराचसा ताळ्यावर येतो: विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' फुकट आहे, अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' आहे, आणि 'ऑटोईक्यू' या खुल्या प्रकल्पात हजारो मॉडेलांसाठी तयार आकडे दिलेले आहेत. स्पीकरला असं करता येत नाही असं नाही, पण तिथे खोली मध्ये येते.

"आकडे बघून घ्या"

डब्यावर '१० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' असतं. तरुण कानाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं आणि वयानुसार वरचं टोक खाली सरकतं. त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो हे सांगितल्याशिवाय तो आकडा निव्वळ सजावट आहे. '५० मिमी ड्रायव्हर' हेही तसंच. पातेलं मोठं असलं म्हणून वरण चविष्ट होत नाही. '७.१ सराउंड' लिहिलेल्या बहुतेक गेमिंग हेडफोनांत दोनच ड्रायव्हर असतात, बाकीचे पाच-सहा सॉफ्टवेअरमध्ये. आणि 'शंभर तास वाजवला की खुलतो' असं कोणी सांगितलं तर समजावं की खुलतो तो बहुधा ऐकणाऱ्याचा कान, नव्या आवाजाला सरावून. पॅड थोडे दबतात, त्यानेही किंचित फरक पडतो. पण नावडलेला हेडफोन या आशेवर ठेवून घेतलात तर परत करायची मुदत तेवढी निघून जाते.

एक आकडा मात्र बघावा, तो ओमचा. १६ ते ३२ ओमचे बहुतेक हेडफोन मोबाईलवर व्यवस्थित वाजतात. २५० ओमचा स्टुडिओवाला हेडफोन कोणी स्वस्तात विकत असेल तर मोह आवरावा. मोबाईलवर तो पुटपुटतो आणि मग वेगळा अँप घ्यावा लागतो. तात्पुरत्या सोयीचा खर्च असाच वाढत जातो.

"वायरचे दिवस गेले"

मोबाईल कंपन्यांनी तसं ठरवलं खरं. २०१६ मध्ये आयफोन ७ ने ३.५ मिमीचं भोक काढलं आणि इतरांनी हळूहळू तोच रस्ता धरला. पण कमी पैशात वायरवाला हेडफोन जास्त देतो, कारण ब्लूटूथवाल्यात त्याच रकमेतून बॅटरी, चिप आणि माईकही बसवायचे असतात. ब्लूटूथवर आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. गाणं ऐकताना कळतही नाही, सिनेमात ॲप बहुधा सांभाळून घेतं. पण कीबोर्डवर रियाज करून पाहा: बोट पडतं आणि स्वर मागून येतो, लय सांभाळणंच अशक्य. जुन्या टीव्हीलाही हीच गत, ओठ आधी हलतात.

फोनला भोक नसेल तर टाइप-सी डोंगल लागतो, आणि इथे फसगत होते. काही डोंगल म्हणजे नुसती तार असते. फोन स्वतः ॲनालॉग आवाज बाहेर देत असेल तरच ते चालतात. आत डॅक चिप, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारी चिप, असलेला डोंगल जवळजवळ सगळीकडे चालतो. घेताना "डॅकवाला आहे का?" एवढंच विचारा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर आपला फोन जोडून, वाजवूनच पैसे द्या.

"कान पूर्ण बंद झाले पाहिजेत"

प्रवासात, हो. घरी बसून स्पीकरची उणीव भरायची असेल तर ओपन-बॅक, म्हणजे पाठीमागून जाळी असलेला हेडफोन आधी ऐकून बघावा. त्यात आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही, कान कमी तापतात, कुकरची शिट्टी आणि दाराची बेल ऐकू येते. बेस थोडा कमी असतो आणि शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं बारीक ऐकू जातं, एवढी त्याची किंमत. कॉस कंपनीचा 'पोर्टा प्रो' १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात बनतोय आणि आजही लोक तो घेतात. या धंद्यात नवीन मॉडेल म्हणजे सुधारणा असं समजायचं कारण नाही. बाळ शेजारीच झोपत असेल किंवा खोलीत टीव्ही चालू असेल तर मात्र क्लोज्ड-बॅकच बरा.

नॉइज कॅन्सलेशनचा आग्रहही असाच. ते पंख्याची घरघर, विमानाचा घुमारा असे खालचे, एकसुरी आवाज कापतं. शेजारच्या खोलीतलं बोलणं, भांड्यांचा खणखणाट यांवर स्वस्त हेडफोनमध्ये त्याचा फारसा इलाज चालत नाही. ते काम चांगला बसलेला पॅड करतो.

पॅडकडे गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी बघतं, खरं तर तिथून सुरुवात करावी. चष्मा असेल तर चष्मा घालूनच हेडफोन लावा. काडीमुळे पॅड आणि कातडी यांत फट पडते आणि क्लोज्ड-बॅकचा बेस तिथून निसटतो. गाणं चालू ठेवून दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबून बघा. बेस एकदम वाढला तर फट आहे, आणि तो हेडफोन तुमच्या डोक्याचा नाही. कान पूर्ण आत मावला पाहिजे. कानाच्या पाळीवर टेकणारा पॅड पाऊण तासात दुखू लागतो. रेक्झिनचे पॅड आपल्याकडच्या पावसाळ्यात चिकट होतात आणि मग त्यांचे काळे पापुद्रे कानामागे, मानेवर, उशीवर सापडू लागतात. कापडी पॅड असतील तर उत्तम, नसतील तर त्या मापाचे सुटे पॅड मिळतात का ते घेण्याआधीच बघा. वायर सुटी होणारी असावी, कारण ती पिनच्या बुडाशीच तुटते.

"अँपलाच जोडून टाकू"

घरी अँप नुसता पडून आहे, त्याला हेडफोनचं भोक असेल तर खुशाल वापरा, ६.३५ मिमीची जाड पिन लागेल, ती किरकोळीत मिळते. भोक नसेल तर स्पीकरच्या तारा सोलून हेडफोनला जोडण्याचा उद्योग करू नका. हेडफोनची कॉइल जळेल ते एक. शिवाय हेडफोनच्या पिनमध्ये डाव्या-उजव्याची अर्थिंग एकच असते, आणि बऱ्याच आधुनिक अँपमध्ये दोन स्पीकरांच्या काळ्या तारा एकत्र आणल्या की अँपच उडतो. म्हणजे दुरुस्तीला आणखी एक वस्तू.

"हेडफोन एकट्याचाच"

पहिला सोनी वॉकमन १९७९ मध्ये आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. आज वाय आकाराचा स्प्लिटर तेच काम करतो. दोन्ही हेडफोन एकाच मॉडेलचे असावेत, नाहीतर एकाच्या कानात गर्जना आणि दुसऱ्याच्या कानात कुजबुज. चौघांना मात्र यातून गाणं ऐकवता येत नाही.

"कानाजवळ आहे, म्हणजे आवाज कमीच असतो"

हा गैरसमज महागात पडतो. अंगाला बेस लागत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत जातो, आणि हेडफोन घासाघीस न करता हवा तेवढा देतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल तितकेच तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा असते, ती पहिल्याच दिवशी लावून टाकावी. हेडफोन घातलेला असताना हाताच्या अंतरावरचं माणूस नेहमीच्या आवाजात काय बोलतंय ते कळत नसेल, तर आवाज खाली घ्या.

राहिला खर्च. वायरवाला, कान झाकणारा हेडफोन आणि लागलाच तर डॅकवाला डोंगल, हे सगळं मिळून चार हजारांच्या आत बसतं. त्यावरचे पैसे रिकोनिंगवाल्याला किंवा नव्या जोडीला द्या.